जलवाहिनीचे निर्जंतुकीकरण: क्लोरीन हाताळताना काय सांभाळावे लागते

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः नांदेड गाव, किरकटवाडी आणि त्यालगतच्या वस्त्यांमध्ये, गुईलेन बारे सिंड्रोम अर्थात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. त्यानंतर कित्येक आठवडे बातम्यांत क्लोरीनची चर्चा होत राहिली. कुठे पाण्यात क्लोरीन होता, कुठे नव्हता, किती असायला हवा होता, असे प्रश्न सामान्य नागरिकही विचारू लागले, आणि ते योग्यच होते.

या चर्चेत एक बाजू मात्र जवळजवळ कधीच येत नाही. क्लोरीन पाण्यात आपोआप पडत नाही. तो कुणीतरी हाताने मोजून, कालवून, वाहिनीत सोडत असतो. नळाला येणाऱ्या पाण्यात त्याचे प्रमाण अत्यल्प असते, पण नवी किंवा दुरुस्त केलेली जलवाहिनी निर्जंतुक करताना ते त्याच्या शंभरपटींहून अधिक ठेवावे लागते, आणि ते द्रावण ज्या पावडरीपासून किंवा वायूपासून तयार होते ती तर त्याहून कितीतरी तीव्र असते. हे काम करणारा पाणीपुरवठा कर्मचारी, ठेकेदाराचा मजूर किंवा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सुरक्षित कसा राहील, हा या लेखाचा विषय आहे. या कामात माणसाला जपणारे नियम आणि पाण्याला जपणारे नियम बहुतांशी एकच असतात, हे पुढे तपशील पाहताना लक्षात येईल.

## जलशुद्धीकरण केंद्र असताना वाहिनी वेगळी का धुवायची?

शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ असले तरी ते ज्या वाहिनीतून जाणार ती स्वच्छ असेलच असे नाही. नवे पाइप बसवण्याआधी रस्त्याच्या कडेला अनेक दिवस पडून असतात. त्यांत माती जाते, पावसाचे पाणी साचते, उंदीर आणि कुत्री शिरतात. चरात पाइप जोडताना खालचे गढूळ पाणी आत येते. फुटलेल्या वाहिनीची दुरुस्ती करताना तर शेजारून जाणाऱ्या गटाराचे पाणी त्याच खड्ड्यात उतरलेले असते. आपल्याकडे बहुतेक शहरांत आणि गावांत पाणी दिवसातून ठरावीक वेळच सोडले जाते. पुरवठा बंद झाल्यावर वाहिनी रिकामी होऊ लागते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि सांध्यांच्या फटींतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते.

शिवाय जुन्या वाहिनीच्या आतल्या भिंतीवर जिवाणूंचा चिकट थर बसतो. बरेच दिवस न घासलेल्या रांजणात आतून हात फिरवला की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तसाच हा थर असतो. अशा रांजणात कितीही शुद्ध पाणी भरले तरी ते शुद्ध राहत नाही. आणि न घासता नुसते औषध टाकले, तर ते औषध त्या थरावरच खर्ची पडते. म्हणून वाहिनीच्या बाबतीतही आधी जोरदार पाण्याने आतला गाळ काढणे आणि मग क्लोरीन, हा क्रम पाळावा लागतो.

ही पद्धत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९७ साली इंग्लंडच्या केंट परगण्यातील मेडस्टोन शहरात पाण्यातून विषमज्वराची मोठी साथ पसरली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी सिम्स वुडहेड या रोगनिदानतज्ज्ञाच्या देखरेखीखाली शहराच्या जलवाहिन्यांमध्ये ब्लीचिंग पावडरचे द्रावण भरून त्या निर्जंतुक करण्यात आल्या. पाण्यात रोज नियमाने क्लोरीन मिसळण्याची प्रथा त्यानंतर काही वर्षांनी, १९०५मध्ये लिंकन येथे आणि १९०८मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी येथे, रुजली. म्हणजे वाहिनी धुण्यासाठी क्लोरीनचा उपयोग आधी झाला आणि रोजच्या पाण्यासाठी नंतर.

## क्लोरीन कोणत्या रूपात येतो?

कामावर तो तीन रूपांत भेटतो. पहिले रूप म्हणजे ब्लीचिंग पावडर, जिला महाराष्ट्राच्या गावोगावी टीसीएल पावडर म्हणतात. दुसरे म्हणजे द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट. तिसरे रूप म्हणजे पोलादी सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रव करून भरलेला क्लोरीन वायू. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत ९०० किलो क्लोरीन मावणारे आडवे टोनर वापरले जातात.

इथे दोन संज्ञा समजून घ्याव्या लागतील. पावडरीच्या किंवा द्रावणाच्या एकूण वजनात निर्जंतुकीकरणाला उपयोगी पडणारा जो भाग असतो, त्याला उपलब्ध क्लोरीन म्हणतात. ताज्या टीसीएलमध्ये तो साधारण ३३ टक्के असतो, कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या तीव्र दाणेदार प्रकारात ६५ ते ७० टक्के, तर कारखान्यातून येणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १० ते १२ टक्के. दुसरी संज्ञा म्हणजे शेष क्लोरीन: पाण्यातील घाण आणि जंतू यांच्यावर खर्च होऊनही जो शिल्लक राहतो तो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार ग्राहकाच्या नळाला हा शेष क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो.

उपलब्ध क्लोरीन स्थिर राहत नाही. ऊन, उष्णता आणि दमट हवा लागली की तो उडून जातो. पावसाळ्यात ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातल्या खोलीत तोंड उघडे राहिलेली पावडरीची पिशवी काही आठवड्यांत निम्मी निकामी होऊ शकते, आणि दिसायला ती पूर्वीसारखीच पांढरी असते. म्हणून महाराष्ट्रात टीसीएलचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात आणि २० टक्क्यांहून कमी उपलब्ध क्लोरीन असलेली पावडर वापरू नये असे सांगितले जाते. हा तपास फक्त पाण्याच्या गुणवत्तेपुरता महत्त्वाचा नाही. पावडर कमजोर झाल्याचा अंदाज आला की माणसे डोळ्यांनी दुप्पट, तिप्पट टाकतात. आणि पुढची पिशवी ताजी निघाली की त्याच सवयीने टाकलेली मात्रा हाताळणाऱ्याच्या अंगावर येते.

## नेमकी किती मात्रा लागते?

जगभर ज्याचा आधार घेतला जातो असे एक मानक म्हणजे अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनचे सी ६५१. त्यातील सर्वाधिक वापरली जाणारी रीत अशी: वाहिनी लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्याने पूर्ण भरायची, २४ तास बंद ठेवायची, आणि शेवटी किमान १० मिलिग्रॅम शेष क्लोरीन उरला आहे का ते पाहायचे. मोठ्या व्यासाच्या वाहिनीत दुसरी रीत वापरतात. तिच्यात १०० मिलिग्रॅमचा एक तीव्र पट्टा वाहिनीतून सावकाश पुढे सरकवला जातो, जेणेकरून पाइपच्या प्रत्येक भागाला तो किमान ३ तास लागेल.

१०० मिलिमीटर व्यासाची १ किलोमीटर वाहिनी घेऊ. तिच्यात सुमारे ७,८५० लिटर पाणी मावते. लिटरला २५ मिलिग्रॅम या हिशेबाने सुमारे १९६ ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे ३० टक्क्यांची पावडर असेल तर साधारण ६५० ग्रॅम. हाच पाइप ३०० मिलिमीटरचा असेल तर पाणी नऊपट होते आणि पावडर सुमारे ६ किलो लागते. हा हिशेब कागदावर करायला पाच मिनिटे पुरतात. तरीही अनेक ठिकाणी "एक पिशवी ओता" असा तोंडी आदेश पुरेसा मानला जातो, आणि मला या कामातील सर्वांत घातक सवय हीच वाटते. ६५० ग्रॅमची गरज असताना २५ किलोची पिशवी उघडली, की उरलेली पावडर कुठे ठेवायची, सांडलेली कशी गोळा करायची आणि अतितीव्र पाणी कुठे सोडायचे, असे तीन नवे धोके विनाकारण उभे राहतात.

## पावडर आणि द्रावण हाताळताना

वायूच्या सिलिंडरची भीती सर्वांना असते. पावडरीची कुणालाच नसते. पण गावपातळीवर रोज हाताळली जाते ती पावडरच, त्यामुळे तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे.

टीसीएलची धूळ डोळ्यांत गेली की ओलाव्याशी संयोग होऊन बुबुळाला इजा करते, श्वासात गेली की घसा आणि श्वासनलिका भाजल्यासारख्या होतात, घामेजलेल्या कातडीवर बसली की चट्टे उठतात. म्हणून डोळे सर्व बाजूंनी झाकणारा चष्मा, रबरी हातमोजे, गमबूट, प्लॅस्टिकचा एप्रन आणि धुळीसाठीचा मास्क ही किमान साधने आहेत. नाकाला रुमाल बांधल्याने मोठे कण थोडेफार अडतात, वायू अजिबात अडत नाही. धुळीचा मास्कही वायूपासून वाचवत नाही, हे कर्मचाऱ्याला स्पष्ट सांगितलेले असले पाहिजे. नाहीतर तो मास्कच्या भरवशावर जिथे थांबू नये तिथे थांबतो.

द्रावण करताना बादलीत आधी पाणी घ्यावे आणि त्यात पावडर थोडी थोडी टाकावी. उलट करू नये. पावडरीवर, विशेषतः ६५ टक्क्यांच्या तीव्र प्रकारावर, थोडेसे पाणी पडले तर ती एकदम तापते, उसळते आणि त्यातून वायू सुटतो. बादली प्लॅस्टिकची आणि स्वच्छ असावी, धातूची नको. काम मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून करावे, म्हणजे उडणारी धूळ तोंडावर न येता पुढे जाते. द्रावण ढवळून थोडा वेळ ठेवले की चुन्याचा गाळ खाली बसतो. वरची निवळीच वाहिनीत सोडायची असते. गाळ सोडला तर पंपाचे नोझल तुंबते, आणि तुंबलेले नोझल उघडताना दाबाखालचे तीव्र द्रावण चेहऱ्यावर उडण्याचे प्रसंग घडतात.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट यांत कोणतेही आम्ल मिसळले की क्लोरीन वायू बाहेर पडतो, आणि जेवढा उपलब्ध क्लोरीन असेल तेवढा सगळा वायुरूपात सुटू शकतो. संडास साफ करण्याचे बहुतेक द्रव आम्लधर्मी असतात. पाणी निवळण्यासाठी वापरायच्या तुरटीचे द्रावणही आम्लधर्मी असते, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही. एकाच खोलीत तुरटी आणि टीसीएल शेजारी शेजारी ठेवणे, किंवा तुरटीची बादली न धुता तीच क्लोरीनसाठी वापरणे, हा म्हणूनच निष्काळजीपणा आहे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात अॅचिसन येथे एका कारखान्यात सल्फ्युरिक आम्लाचा टँकर चुकून सोडियम हायपोक्लोराइटच्या टाकीला जोडला गेला. जो ढग उठला त्यामुळे १४०हून अधिक लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. दोन्ही टाक्यांची तोंडे जवळजवळ होती, दिसायला सारखी होती आणि त्यांवर ठळक नावे नव्हती.

ब्लीचिंग पावडर स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला पेटवू शकते. डिझेल, ऑइल, ग्रीस, रंगाचे थिनर, कापडाच्या चिंध्या यांच्याशी तिचा संपर्क आला तर आग लागू शकते. पंपघरात जनरेटरचे डिझेल आणि टीसीएलचा साठा एकाच भिंतीला टेकून ठेवलेले असतात, ते वेगळे करायला एका दुपारपेक्षा अधिक वेळ लागत नाही. पोहण्याच्या तलावासाठी मिळणाऱ्या काही क्लोरीन गोळ्या वेगळ्याच रसायनाच्या, सायन्युरिक आम्लाच्या गटातील असतात. त्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट कोरड्या स्थितीत एकत्र झाले आणि त्यांना ओलावा लागला तर स्फोट होऊ शकतो. एका प्रकारचा चमचा दुसऱ्या प्रकारात घालायचा नाही, इतका कडक नियम इथे पाळावा.

पीव्हीसी पाइप टाकणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा आहे. जोडणी करतानाच पाइपच्या आत कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या गोळ्या चिकटवून ठेवण्याची एक रीत आहे. वाहिनी भरली की त्या विरघळतात. पण पाइप सॉल्व्हंट सिमेंटने, म्हणजे पीव्हीसी चिकटवण्याच्या द्रवाने, जोडलेले असतील तर ही रीत वापरण्यास सी ६५१ स्पष्ट मनाई करते, कारण सिमेंटची वाफ आणि गोळी यांच्या संयोगाने आग किंवा स्फोट होण्याचा धोका असतो. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कित्येक योजनांच्या वाहिन्या अशाच जोडलेल्या आहेत.

## वायू असेल तर धोका किती वाढतो?

क्लोरीन वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो. तो वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरतो आणि खड्डे, तळघर, चेंबर, नाले यांत साचतो. १ लिटर द्रव क्लोरीनपासून सुमारे ४६० लिटर वायू होतो. अमेरिकेची व्यावसायिक सुरक्षा संस्था नायोश हवेतील १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग, ही जीविताला तात्काळ धोका असलेली पातळी मानते. हा आकडा अमूर्त वाटू नये म्हणून हिशेब करून पाहू: १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीतील हवा त्या पातळीला नेण्यासाठी एक ग्रॅमपेक्षाही कमी क्लोरीन पुरतो.

मुंबईने हे अनुभवले आहे. १४ जुलै २०१०च्या पहाटे शिवडीजवळ हाजी बंदर येथे, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या आवारात वर्षानुवर्षे बेवारस पडून राहिलेल्या सिलिंडरांतून क्लोरीनची गळती झाली आणि शंभराहून अधिक लोक बाधित झाले. वापरात असलेल्या सिलिंडरकडे कुणाचे तरी लक्ष असते. विसरलेल्या सिलिंडरकडे कुणाचेच नसते. ज्या जुन्या जलशुद्धीकरण केंद्रांनी वायू सोडून हायपोक्लोराइटचा मार्ग धरला, तिथले जुने सिलिंडर कुठे गेले, याची नोंद प्रत्येक पालिकेने तपासून पाहायला हवी असे मला मनापासून वाटते.

टोनरच्या बाबतीत एक गोष्ट ऑपरेटरला पाठ असावी. तो आडवा ठेवलेला असतो आणि त्याच्या दोन झडपा एकाखाली एक येतील असा वळवलेला असतो. वरच्या झडपेतून वायू मिळतो, खालच्या झडपेतून द्रव. गळती झालीच तर शक्य असल्यास टोनर असा फिरवायचा की गळणारी जागा वर येईल, कारण द्रव गळण्यापेक्षा वायू गळणे कितीतरी कमी हानिकारक असते. हे काम हवेचे स्वतंत्र सिलिंडर पाठीवर असलेले श्वसनयंत्र घातलेल्या, प्रशिक्षित दोघांनीच करायचे. एकट्याने कधीही नाही. गळती शोधण्यासाठी अमोनियाच्या द्रावणात भिजवलेला बोळा काठीला बांधून सांध्याजवळून फिरवतात. जिथे पांढरा धूर दिसेल तिथे गळती आहे.

गळणाऱ्या जागेवर पाणी मारावे, असे पुष्कळांना वाटते. ते चुकीचे आहे. क्लोरीन आणि पाणी मिळून आम्ल तयार होते, ते पोलाद कुरतडते आणि बारीक छिद्र काही वेळात मोठे होते. सिलिंडरला उष्णता देणेही तितकेच घातक, कारण त्याच्या सुरक्षा-बुचातील धातू साधारण ७० ते ७४ अंश सेल्सियसला वितळतो आणि सगळा साठा बाहेर येऊ शकतो.

माझे मत असे की केवळ वाहिनी धुण्याच्या कामासाठी, उघड्या रस्त्यावर, वायूचा सिलिंडर नेऊच नये. नियंत्रण खोली, वायुशोधक आणि गळती शोषून घेणारी कॉस्टिक सोड्याची यंत्रणा जिथे असते त्या केंद्रातच वायू असावा. चरावरच्या कामाला पावडर किंवा द्रावण पुरते.

## चेंबरमध्ये उतरताना

क्लोरीन भरण्याचे किंवा वाहिनी धुण्याचे काम पुष्कळदा व्हॉल्व्ह चेंबरमधून होते. चार-पाच घनमीटरच्या त्या खड्ड्यात जड वायू साचून राहतो, आणि आधीच सांडपाणी झिरपत असेल तर हायड्रोजन सल्फाइड किंवा प्राणवायूची कमतरता हे धोकेही असतात. झाकण उघडून पुरेसा वेळ ठेवणे, पंख्याने हवा खेळती करणे, वायुमापकाने हवा तपासणे आणि वर एक माणूस उभा ठेवल्याशिवाय आत न उतरणे, हा क्रम कोणत्याही घाईत मोडू नये. आतला माणूस कोसळला की वरचा त्याला वाचवायला तसाच उडी घेतो आणि दोघेही जातात. चेंबरमधील दुर्घटनांच्या बातम्या वाचल्या तर हे दुःखद चित्र पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि वरपर्यंत दोर हवा, म्हणजे वरच्याला आत न जाता त्याला ओढता येईल.

## कुणाला बाधा झालीच तर

वायूचा वास येताच वाऱ्याच्या विरुद्ध किंवा आडव्या दिशेने, उंच जागेकडे निघावे. सखल जागी आसरा घेऊ नये. बाधित माणसाला मोकळ्या हवेत आणून बसते करावे, धावू किंवा चालू देऊ नये, कपडे काढून अंग भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले असल्यास किमान १५ मिनिटे सतत स्वच्छ पाण्याची धार धरावी. कामाच्या जागी पिण्यायोग्य पाण्याचा भरलेला ड्रम याच कारणाने आधीच ठेवलेला असावा. वाहिनी धुण्याच्या जागेवर पाणी भरपूर असते, पण ते क्लोरीनचे असते.

खोकला थांबला, बरे वाटू लागले, म्हणून माणसाला घरी पाठवणे धोक्याचे आहे. फुप्फुसात पाणी साचण्याची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात, म्हणून त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणेच योग्य.

## इतके घातक रसायन आपण पितो तरी कसे?

हा प्रश्न स्वाभाविक आहे. वाहिनीत भरलेले २५ मिलिग्रॅमचे पाणी कुणाच्या नळाला जात नाही. त्या काळात तो भाग झडपा बंद करून वेगळा केलेला असतो, आणि काम संपल्यावर वाहिनी पुन्हा धुऊन क्लोरीन नेहमीच्या पातळीवर आला की मगच ती जोडली जाते. पिण्याच्या पाण्यातील क्लोरीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला ५ मिलिग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य दिले आहे. आपल्या नळाला त्याच्या कितीतरी खाली पाणी असते. झडपा नीट बंद आहेत आणि शेजारच्या घरांना आधी सूचना दिलेली आहे, एवढे पाहणे मात्र पुरवठादाराचे काम आहे.

क्लोरीनमुळे कर्करोग होतो का, हेही विचारले जाते. पाण्यातील पालापाचोळ्यासारख्या सेंद्रिय पदार्थांशी संयोग होऊन क्लोरीनचे काही उपपदार्थ तयार होतात, हे १९७४पासून माहीत आहे आणि त्यांच्या मर्यादाही ठरवलेल्या आहेत. परंतु जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका ठाम आहे: या उपपदार्थांचा धोका, निर्जंतुकीकरण न करण्याच्या धोक्याच्या तुलनेत अत्यंत लहान आहे, आणि त्यांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये. उपपदार्थ कमी करायचे तर क्लोरीन टाकण्याआधी पाणी नीट गाळावे, वाहिनी आधी नीट धुवावी.

ओझोन किंवा अतिनील किरणे का वापरू नयेत, तर ती पाणी यंत्रातून जाते तेवढ्याच क्षणी काम करतात. पाइपच्या भिंतीवर आणि पुढच्या पाच किलोमीटरच्या सांध्यांवर त्यांचा प्रभाव उरत नाही. शेष क्लोरीन पाण्याबरोबर प्रवास करतो.

## धुतलेले पाणी कुठे सोडायचे आणि काम झाले हे कसे ठरवायचे?

२५ मिलिग्रॅम क्लोरीनचे हजारो लिटर पाणी ओढ्यात किंवा तळ्यात सोडले तर मासे मरतात. लिटरला मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहून कमी क्लोरीनही अनेक जातींच्या माशांना घातक ठरतो. म्हणून ते पाणी सोडण्याआधी सोडियम थायोसल्फेट किंवा सोडियम बायसल्फाइट टाकून त्यातील क्लोरीन मारावा लागतो. ही रसायनेसुद्धा टीसीएलपासून दूर ठेवायची, आणि बायसल्फाइट तर आम्लधर्मी असल्याने अधिकच.

त्यानंतर पाण्याचे नमुने जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातात, आणि अहवालात कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जिवाणू, नाहीत असे आल्यावरच वाहिनी सुरू करायची असते. लोक पाण्यासाठी ताटकळत असतात, नगरसेवकाचे फोन येत असतात, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. अहवालाची वाट पाहण्याच्या काळात टँकर कुठून येणार, हे काम सुरू होण्याआधी ठरवले असेल तरच अभियंता त्या दबावापुढे टिकतो.

रोजची तपासणी मात्र जागेवरच होते. गावात ओटी चाचणी सर्वांना माहीत आहे: क्लोरोस्कोपच्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते, आणि पिवळेपणावरून शेष क्लोरीन कळतो. ऑर्थोटोलिडीन हे स्वतः विषारी आणि कर्करोगकारक असल्याचा संशय असलेले रसायन आहे, म्हणून तपासलेले पाणी पिण्याच्या भांड्याजवळ ओतू नये, थेंब हाताला लागल्यास लगेच धुवावेत, आणि बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. पाणी गुलाबी करणारी डीपीडी चाचणी अधिक सुरक्षित आणि अधिक अचूक असून, जिल्हा परिषदांनी हळूहळू तिच्याकडे वळावे.

नमुना कुठून घ्यायचा हेही ठरलेले असले पाहिजे. टाकीखालच्या पहिल्या नळावर क्लोरीन असणारच. तपासायचा तो वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, गावकुसाजवळच्या किंवा टेकडीवरच्या घरी, जिथे पाणी सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी दाबाने पोचते. तिथे ०.२ मिलिग्रॅम मिळत नसेल, तर टाकीत आणखी पावडर ओतण्याआधी वाटेत वाहिनी कुठे फुटली आहे आणि कुठल्या सांध्यातून गटाराचे पाणी आत येते आहे, ते शोधावे लागते.